चूक कोणाच्या नावे?

सुरतेच्या व्यापाऱ्याने कर बुडवला, कराविरुद्ध दुकाने बंद ठेवली, जकात वाचवायला दुसऱ्याच्या नावावर माल सोडवला, असे गेल्या साडेतीनशे वर्षांच्या कागदपत्रांत जागोजाग सापडते. अंमल मोगलांचा असो, इंग्रजांचा असो की आजच्या दिल्लीचा, अधिकाऱ्यांचे म्हणणे बदलत नाही: हे गाव हिशोबाला पक्के आणि कर द्यायला कच्चे. ही प्रतिमा अगदीच निराधार नाही. पण तेच कागद जरा सावकाश वाचले तर दिसते की, सुरतेची करावरची भांडणे निव्वळ दरावरून क्वचितच झाली. बहुतेक वेळा वाद असे तो नोंदीचा: नोंद कोणी करायची, ती चुकली तर दुरुस्त कोणी करायची, आणि दुरुस्त होईपर्यंतचा भुर्दंड कोणी सोसायचा. २०१७ पासून वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर रात्री उशिरापर्यंत बसणारे मुनीम, लेखापाल आणि कर सल्लागार ज्या अडचणींशी झुंजतात, त्यांना आपण ‘तांत्रिक बिघाड’ म्हणून मोकळे होतो. माझ्या मते तो याच जुन्या वादाचा ताजा अध्याय आहे; संगणकाचा भाग त्यात थोडा, राज्यकर्ता आणि करदाता यांच्यातल्या विश्वासाचा भाग मोठा.

सुरुवात तापीच्या काठावरच्या फुर्ज्यापासून करावी लागते. फुर्जा म्हणजे मोगलांचे जकातघर. जानेवारी १६६६ मध्ये, म्हणजे शिवाजी महाराजांच्या पहिल्या स्वारीला दोन वर्षे होत असताना, थेव्हनो नावाचा फ्रेंच प्रवासी सुरतेला उतरला. त्याने या जकातघराचे बारकाईने वर्णन केले आहे. उतारूंना होडीतून एकेक करून आत घेत. कारकून नाव लिहून घेई, मग झडती होई. पागोटे, कमरपट्टा, जोडे, मोजे, काही सोडत नसत. सोन्या-चांदीवर शेकडा अडीच टक्के द्यावे लागत. अपमानास्पद खरेच, आणि अंगाला हात लावण्याचा हा प्रकार युरोपीय मंडळींना फार झोंबला. पण या व्यवस्थेतली एक बाजू सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नोंद करणारा सरकारी माणूस होता. व्यापाऱ्याने गाठोडे दाखवायचे, त्यात काय आहे आणि त्याची किंमत काय हे वहीत उतरवायचे काम फुर्ज्याचे. किंमत जास्त धरली गेली तर वाद घालायला समोर माणूस बसलेला असे. त्याला पटवता येई, दटावता येई, त्याचा हात ओला करता येई, वर सुभेदारापर्यंत जाता येई. न्याय मिळेच असे नाही, बहुधा पैसेवाल्यालाच मिळे. पण चूक झाली तर ती लिहिणाऱ्याच्या अक्षरात असे, एवढे निश्चित.

दर मात्र माणूस पाहून ठरत होते, आणि तिथून दुसऱ्या प्रकारची चूक जन्माला आली. औरंगजेबाने १६६५ साली मुसलमान व्यापाऱ्यांसाठी अडीच आणि हिंदूंसाठी पाच टक्के असा जकातीचा भेद कायम केला. दोनच वर्षांनी मुसलमानांना ती पूर्ण माफ झाली. मग व्हायचे तेच झाले. हिंदू व्यापाऱ्यांचा माल मुसलमान व्यापाऱ्यांच्या नावाने सुटू लागला, तक्रारी दरबारापर्यंत गेल्या, आणि १६८१ मध्ये सूट काढून घेऊन मुसलमानांवर पुन्हा अडीच टक्के बसवावे लागले. पुढे मोगल बादशहा फर्रुखसियरच्या १७१७ च्या फर्मानाने इंग्रजांना सुरतेत वर्षाला ठोक दहा हजार रुपये भरून जकातीतून मोकळीक मिळाली. आता कोणाच्या नावाने माल आणावा याचे उत्तर आणखी सोपे झाले. कराचा दर मालावर न ठरता नावावर ठरला की खोटे नाव ही सर्वांत फायद्याची नोंद होते. बनावट नोंदणीच्या आधारे खोटी बिले फाडणाऱ्या आजच्या टोळ्यांबद्दल बोलताना हा जुना धडा विसरून चालत नाही. त्याकडे पुढे यायचे आहे.

इंग्रजांनी १८०० मध्ये नवाबाकडून सुरतेचा कारभार घेतला, आणि १८०२ च्या वसईच्या तहाने शहराच्या उत्पन्नावरचा पेशव्यांचा चौथाईचा हक्कही संपला. एकाच जकातीवर दोन-तीन धन्यांचा डोळा असण्याचे दिवस गेले, आणि कर ही एका कचेरीची, एका कायद्याची बाब झाली. कायदा आला म्हणजे शांतता आली असे मात्र नाही. १८४४ च्या ऑगस्टमध्ये मिठावरचा कर मणाला आठ आण्यांवरून एकदम एक रुपया झाला तेव्हा सुरतेत दंगा उसळला. अखेर सरकारला तो बारा आण्यांवर आणावा लागला. १८४८ मध्ये बंगाली वजनमापे लादायचा बेत शहराने दुकाने बंद ठेवून हाणून पाडला. या दुसऱ्या प्रसंगात तर कराचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो कोणाच्या मापाने मोजायचे याचा.

खरे वळण आले ते १८६० मध्ये. सत्तावनच्या उठावानंतर तिजोरी रिकामी झालेली, म्हणून जेम्स विल्सन या अर्थसदस्याने हिंदुस्थानात पहिला प्राप्तिकर आणला. वर्षाला दोनशे रुपयांवर उत्पन्न असलेल्याला तो लागू झाला: पाचशेपर्यंत दोन टक्के, त्यावर चार. दर आजच्या मानाने किरकोळ वाटतील. नवीन होता तो फॉर्म. सरकार आता गाठोडे उघडून पाहणार नव्हते. ते छापील कागद घरी पाठवून म्हणत होते की, तुझे उत्पन्न तूच लिही, रकाने तूच भर, खाली सही कर, आणि खोटे निघाले तर शिक्षेला तयार राहा. नोंद करण्याचे कष्ट आणि चुकण्याची जोखीम, दोन्ही एका दिवसात सरकारी कारकुनाकडून व्यापाऱ्याकडे गेली. सुरतेत दुकाने बंद झाली. मराठी मुलखात वसईला त्याच डिसेंबरात तीन-चार हजारांचा जमाव कर अधिकाऱ्याच्या कचेरीवर गेला तो कशासाठी, तर घरोघर वाटलेले फॉर्म परत करायला. कर देणार नाही असे ते म्हणत होतेच, पण निषेध म्हणून त्यांनी कचेरीत आणून टाकला तो कागद. लोकांना नेमके काय खुपले होते ते यावरून कळावे. सरकारलाही ते लवकरच कळले. आलेली विवरणपत्रे इतकी चुकीची आणि अर्धवट होती की दुसऱ्या वर्षी नवी न मागता पहिल्या वर्षाचीच आकारणी पुढे चालू ठेवायची सोय कायद्याने करण्यात आली. १८६२ मध्ये पाचशेखालची उत्पन्ने वगळली, आणि १८६५ मध्ये तो करच संपला.

तेरा वर्षांनी मुंबई सरकारने परवाना कर आणला तेव्हा मामला पुन्हा पेटला. १८७८ चा हा कर व्यापार-धंद्यावर होता. वर्षाला शंभर रुपये मिळवणारा छोटा दुकानदारही त्याच्या कचाट्यात येई, पण सरकारी नोकर आणि वकील-डॉक्टर मोकळे राहत. एप्रिलमध्ये सुरतेची दुकाने काही दिवस बंद राहिली, जमाव जमले, गोळीबार झाला. मग दंग्याला चिथावणी दिल्याबद्दल गावातल्या प्रतिष्ठितांवर खटला भरण्यात आला. त्यांच्या बचावाला उभे राहिलेले तरुण बॅरिस्टर म्हणजे फिरोजशहा मेहता. खटला टिकला नाही, आरोपी सुटले. तरीही सुरतेच्या दंग्यांचे हे प्रकरण इथेच सोडलेले बरे. रस्त्यावर उतरल्याने सरकार हादरते, पण नोंद चुकली कुठे हे काही त्यातून सिद्ध होत नाही. ते पहिल्यांदा सिद्ध झाले पन्नास वर्षांनी, त्याच सुरत जिल्ह्यात.

बारडोलीचा १९२८ चा सत्याग्रह आपल्याला वल्लभभाईंना मिळालेल्या ‘सरदार’ या नावासाठी माहीत आहे. त्याची हिशोबी बाजू त्या मानाने कमी सांगितली जाते, आणि माझ्या युक्तिवादाचा कणा तीच आहे. तालुक्याची फेरआकारणी करणारे उपजिल्हाधिकारी एम. एस. जयकर यांनी शेतसाऱ्यात तीस टक्के वाढ सुचवली. तापी व्हॅली रेल्वे आली, पिकांचे भाव वाढले, पक्की घरे झाली, म्हणजे शेतकरी सुखी आहे, असा त्यांचा आधार. सेटलमेंट कमिशनर अँडरसन यांनी हा आधार बाजूला सारला आणि वाढ बसवली ती खंडाच्या आकड्यांवर, म्हणजे जमीन कसायला घेणारा जमीनमालकाला किती देतो यावर. हे आकडे जयकरांच्या अहवालाच्या परिशिष्टात होते. पण जयकरांनी आपला अहवाल त्यांच्यावर उभा केलाच नव्हता, त्यामुळे ते तपासायचे श्रमही घेतले नव्हते. एकाने न तपासलेले आकडे दुसऱ्याने तपासलेले समजून वापरले. त्यात आणखी एक गंमत झाली. खंडाने दिलेल्या जमिनीचे जे क्षेत्र परिशिष्टात होते, ती सात वर्षांची बेरीज होती. अँडरसन यांनी ती एका वर्षाची धरली. एवढ्याने तालुक्यातली जवळजवळ एक तृतीयांश जमीन खंडाने जाते असा निष्कर्ष निघाला. सातने भागले असते तर चित्र पार बदलले असते. सरकारने अखेर बावीस टक्क्यांवर शिक्का मारला आणि वसुलीला जप्त्या सुरू केल्या.

ही भागाकाराची चूक पकडली ती सत्याग्रहींनी. नरहरी परीख यांनी ‘नवजीवन’मध्ये आकडेवारीची चिरफाड केली, चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्या महादेव देसाईंनीही तिला मोठी जागा दिली आहे. ऑगस्ट १९२८ मध्ये सरकारने चौकशी मान्य केली आणि काम गेले ब्रूमफिल्ड आणि मॅक्सवेल या दोन अधिकाऱ्यांकडे. हे ब्रूमफिल्ड म्हणजे १९२२ मध्ये गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश. त्यांना कोणी काँग्रेसचे हितचिंतक म्हणणार नाही. दोघे गावोगाव फिरले, खंडाचे व्यवहार एकेक करून तपासले, शेतकऱ्यांना प्रश्न विचारले. मूळ आकडे विश्वासार्ह नाहीत असा निर्वाळा देऊन त्यांनी सुचवलेली वाढ होती ५.७ टक्के. बावीस आणि ५.७ यांच्यात जो फरक आहे तो धोरणाचा नव्हे, नोंदीचा आहे. आणि ती नोंद दुरुस्त व्हायला काय करावे लागले पाहा: जमिनी जप्त झाल्या, गुरे गेली, विधिमंडळातून राजीनामे आले, देशभर गाजावाजा झाला. दुरुस्तीचा अर्ज करायची साधी खिडकी नव्हती म्हणून सत्याग्रह करावा लागला, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होईल, पण फार नाही.

यानंतर सुरतेच्या कापड बाजारापुरती एक लांब शांतता आहे, आणि २०१७ समजून घ्यायला ती फार महत्त्वाची आहे. १९५७ मध्ये केंद्र आणि राज्यांत असा करार झाला की कापड, साखर आणि तंबाखू यांवर राज्यांनी विक्रीकर लावू नये. केंद्राने जादा अबकारी गोळा करून त्यातला वाटा राज्यांना द्यावा. कर गिरणीच्या दाराशी वसूल होई, पुढे कापड विकणाऱ्याला विक्रीकराचे विवरणपत्र भरावे लागत नसे. यंत्रमागाचा विणकरही बहुतेक काळ अबकारीच्या कक्षेबाहेर राहिला. २००३ च्या अर्थसंकल्पात त्याला अबकारीच्या साखळीत आणायचा प्रयत्न झाला, विरोध झाला आणि वर्षभरात तो मागे घ्यावा लागला. मूल्यवर्धित कर गुजरातेत २००६ मध्ये आला, तोही कापडाला शिवला नाही. म्हणजे रिंग रोडवरच्या मार्केटांत बसलेला दुकानदार, सचिन-पांडेसऱ्यातला माग चालवणारा, घरी साड्यांवर लेस आणि टिकल्या लावणाऱ्या बायकांना काम वाटणारा, या सगळ्यांच्या तीन पिढ्या अप्रत्यक्ष कराचा जवळजवळ एकही कागद न भरता जगल्या. प्राप्तिकर होता, पण त्यासाठी वर्षातून एकदा सी.ए.कडे वह्या टाकल्या की झाले. अशा बाजारावर १ जुलै २०१७ रोजी महिन्याला तीन विवरणपत्रांची योजना येऊन पडली.

त्या महिन्यात सुरतेची कापड मार्केटे दोन आठवड्यांहून अधिक काळ बंद होती. ३ जुलैला लाठीमार झाला, नंतर प्रचंड मूक मोर्चा निघाला. बाहेरून हे पाच टक्के कराविरुद्धचे बंड दिसले आणि मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी ते तसेच छापले. पण पाच टक्के अखेर गिऱ्हाइकाच्या माथी जातात, हे व्यापाऱ्याला कळत नव्हते असे थोडेच! त्याला भीती होती ती कागदाची. आणि ती भीती किती रास्त होती हे पोर्टलने लगेच दाखवून दिले. पहिले ३-बी, म्हणजे महिन्याचे संक्षिप्त विवरणपत्र, २० ऑगस्टपर्यंत भरायचे होते. १९ तारखेला पोर्टल बसले आणि मुदत पाच दिवसांनी वाढवावी लागली. मूळ योजनेतल्या जीएसटीआर-१, २ आणि ३ या तीन विवरणपत्रांपैकी २ आणि ३ नोव्हेंबरमध्ये गुवाहाटीच्या बैठकीनंतर स्थगितच झाले. तात्पुरते म्हणून आणलेले ३-बी कायमचे होऊन बसले. या ३-बीची सुरुवातीच्या महिन्यांतली एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. आकडे भरून ‘सबमिट’ दाबले की ते गोठत, पण विवरणपत्र दाखल होत नसे. त्यासाठी पुढे कर वळता करून ‘फाइल’ दाबायचे होते. मधल्या टप्प्यावर एक शून्य जास्त पडलेले दिसले तरी हात बांधलेले. ‘रीसेट’ची सोय यायला २०१८ उजाडले. वहीत चूक झाली तर मुनीम खाडाखोड करत नाही. उलटी नोंद टाकतो, आधीची चूकही दिसते आणि दुरुस्तीही. शतकानुशतके पेढ्यांनी पाळलेली ही रीत यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक नसावी हे आश्चर्य आहे.

दुसरा एक नमुना सुरत-खानदेश वाटेवरचा. उधना-जळगाव लोहमार्गावर सोनगड गुजरातेत, त्यापुढचे नवापूर महाराष्ट्रात. नवापूरचे स्टेशन तर अर्धे इकडे, अर्धे तिकडे. सुरतेच्या विक्रेत्याने सोनगडच्या दुकानदाराला चाळीस हजारांच्या साड्या दिल्या, तर हजार रुपये केंद्राचे आणि हजार रुपये गुजरातचे असा कर लागतो. तोच गठ्ठा नवापूरला गेला तर दोन हजारांचा एकत्रित आंतरराज्य कर. रक्कम तीच, सरकारच्या तिजोरीत जाणारा पैसाही तेवढाच. पण मुनिमाने खरेदीदाराच्या क्रमांकातला सुरुवातीचा २७ न पाहता २४ समजून बिल केले, तर कायदा सांगतो की आधी बरोबर शीर्षाखाली कर पुन्हा भरा आणि चुकीच्या शीर्षाखाली गेलेला नंतर परतावा म्हणून मागा. रोख खात्यात पडून असलेला पैसा एका शीर्षातून दुसऱ्यात नेण्याची सोय २०२० मध्ये आली, पण एकदा देण्यापोटी वळता केलेला कर तिने हलत नाही. म्हणजे सरकारच्या दोन खिशांत पैसा चुकीच्या जागी पडला, याचा भुर्दंड सरकारने न सोसता व्यापाऱ्याने सोसायचा. हा बिघाड सर्व्हरचा नाही, कायद्याच्या कलमांत लिहिलेला आहे.

आणि चूक यंत्राची असली तर? जुन्या करांची शिल्लक नव्या कराकडे आणण्यासाठी ट्रान-१ नावाचा फॉर्म होता, त्याची मुदत २७ डिसेंबर २०१७ ला संपली. देशभर हजारोंना तो भरता आला नाही. एप्रिल २०१८ मध्ये सरकारने तक्रार निवारणाची पद्धत जाहीर केली, त्यात अट अशी की तुम्ही वेळेत प्रयत्न केला होता हे दिसले पाहिजे. ते तपासायचे कशावरून? पोर्टलच्याच आतल्या नोंदींवरून. ज्याला लॉगिनच करता आले नाही त्याची नोंद तिथे कशी उमटणार, हे विचारायला न्यायालयात जावे लागले. आरोपी आणि पंच एकच, असा हा मामला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीतच पोर्टलच्या कारभारावर कोरडे ओढले होते. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे जुने क्रेडिट ही करदात्याची मालमत्ता आहे, तांत्रिक कारणाने ती हिरावता येणार नाही अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पोर्टल पुन्हा उघडले ते २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पाच वर्षांनी!

आता यावर जे आक्षेप येतील ते टाळून चालणार नाही. पहिला तर सरळ आहे: व्यापाऱ्यांना कर द्यायचाच नसतो, ‘पोर्टल चालत नाही’ हा बहाणा. बनावट बिलांचा धंदा गुजरातेत फोफावला हे खरे, आणि गरिबांच्या आधार-पॅनवर काढलेल्या नोंदण्याही खऱ्या. पण या चोराला पोर्टलचा त्रास होत नाही. तो सगळे रकाने अचूक भरतो. खोटी बिले करणाऱ्याचे विवरणपत्र प्रामाणिक माणसापेक्षा जास्त नीटनेटके असते, कारण त्याला त्यात खऱ्या मालाचा मेळ घालायचा नसतो. औरंगजेबाच्या फुर्ज्यावर दुसऱ्याच्या नावाने सुटलेल्या मालाची नोंदही बिनचूकच असणार. चुकतो तो खरा माल विकणारा. आणि बनावट नोंदणी रोखायला सरकारने अखेर काय केले? २०२३ च्या अखेरीपासून, प्रयोग म्हणून प्रथम गुजरातेत, संशयास्पद अर्जदाराला केंद्रावर प्रत्यक्ष बोलावून बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. जिथे फसवणूक खरी होती तिथे माणूसच समोर बसवावा लागला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. समोर माणूस होता तेव्हा लाच होती. पोर्टलने ती संपवली, निदान कमी केली, मग थोडा मनस्ताप झाला तर काय बिघडले? फुर्ज्यातल्या कारभाराबद्दल मला तिळमात्र ओढ नाही. चेकपोस्टवर ट्रक अडवून ठेवण्याचे दिवस परत यावेत असे सुरतेतला कोणीही म्हणणार नाही. पण या युक्तिवादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. दर ठरवताना माणसाची मर्जी नको, हे मान्य. चूक दुरुस्त करताना मात्र कोणाचा तरी विवेक लागतोच, आणि तो पोर्टलमधून काढून टाकल्यावर नाहीसा झाला नाही, फक्त उच्च न्यायालयात जाऊन बसला. तिथवर जायला वकील परवडणारा हवा. पूर्वी लाच देऊ शकणाऱ्याची नोंद सुधारे, आता रिट दाखल करू शकणाऱ्याची सुधारते. ही प्रगती आहेच, पण लेस लावून देणाऱ्या छोट्या जॉबवर्करच्या ती कामाची नाही.

तिसरा आक्षेप कायद्यातल्या जाणकारांचा. जीएसटी ही साखळी आहे. एकाची विक्री म्हणजे दुसऱ्याचे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट. एकाने आपला आकडा मागाहून बदलला तर पुढच्याचे गणित ढासळते, म्हणून दुरुस्तीला कुलूप हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये भारती एअरटेलच्या खटल्यात साधारण हाच विचार उचलून धरला आणि जुने ३-बी बदलू दिले नाही. यात तथ्य आहे, हे नाकारता येत नाही. पण कुलूप सरसकट लावल्याने काय होते ते पुण्याच्या स्टार इंजिनिअर्सच्या प्रकरणात दिसले: माल बजाज ऑटोच्या खात्यावर, पण पोहोचवायचा तिच्या पुरवठादारांकडे, विवरणपत्रात क्रमांक पडला तो पोहोचवण्याच्या ठिकाणचा. कर पूर्ण भरलेला, सरकारचा एक पैसा बुडालेला नाही, तरी खिडकी बंद. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुरुस्तीची मुभा दिली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, दुसऱ्या एका प्रकरणात, सॉफ्टवेअरची मर्यादा हे दुरुस्ती नाकारायचे कारण होऊ शकत नाही असे म्हटले. साखळीचा आक्षेप खरा असला तरी त्यातून निघते एवढेच की दुरुस्तीला दोन्ही बाजूंची संमती हवी. दुरुस्तीच नको, हे त्यातून निघत नाही.

शिवाय राज्याची स्वतःची चूक निघाली तेव्हा काय झाले, तेही पाहिले पाहिजे. कृत्रिम धाग्यावर सुरुवातीला १८, ऑक्टोबर २०१७ पासून १२ टक्के. त्या धाग्याच्या कापडावर ५. विणकराने धाग्यावर भरलेला कर कापडाच्या करातून वसूल होईना, शिल्लक साचत गेली, आणि परतावा मागायला कापडाला बंदी. जुलै २०१८ मध्ये सरकारने ती बंदी उठवली, पण त्याच अधिसूचनेत तोवर साचलेले क्रेडिट रद्द ठरवले. आपली घोडचूक सुधारताना तिचा खर्च विणकराच्या खात्यात टाकला, याहून दुसरे वर्णन मला सुचत नाही. सुरतेच्या शबनम पेट्रोफिल्सच्या याचिकेवर गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये हे रद्द करणे बेकायदा ठरवले. धागा आणि कापड यांचे दर एका पातळीवर, पाच टक्क्यांवर, आले ते सप्टेंबर २०२५ मध्ये. बारडोलीच्या शेतकऱ्याला चौकशी समिती वर्षभरात मिळाली होती. विणकराला आठ वर्षे थांबावे लागले.

आता दुरुस्तीचे काही मार्ग निघाले आहेत. ऑगस्ट २०२४ पासून जीएसटीआर-१ए आला, त्यात त्याच महिन्याच्या जीएसटीआर-१ मधली चूक ३-बी भरण्याआधी सुधारता येते. जुलै २०२५ च्या कालावधीपासून मात्र ३-बीतला देय कराचा आकडा हाताने बदलता येत नाही, तो या विवरणपत्रांवरून आपोआप येईल तोच. आणि माल परत आला तर? सुरतेच्या बाजाराची ही जुनी डोकेदुखी. जळगावच्या दुकानदाराने दिवाळीआधी उचललेल्या साड्या चार महिन्यांनी परत पाठवल्या, की सुरतेचा विक्रेता क्रेडिट नोट काढतो. ती जळगावच्या पडद्यावर जाऊन पडते. २०२५ च्या वित्त कायद्यातल्या बदलानंतर समोरच्याने आपले क्रेडिट मागे घेतल्याशिवाय सुरतेच्या विक्रेत्याचा कर कमी होत नाही, आणि जळगावच्या लेखापालाने कळत-नकळत ‘नाकारा’वर बोट ठेवले तर तेवढी रक्कम पुढच्या महिन्याच्या देण्यात जाऊन बसते. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत हे निस्तरायचे. सध्या मार्केटांतले मुनीम त्यासाठी पोर्टलच्या मदत क्रमांकावर फोन लावत नाहीत. ते जळगावच्या मुनिमाला फोन लावतात, आणि दोघे आपापल्या खतावण्या उघडून बिल क्रमांक मिळवत बसतात.